ओव्हाळबाईंची दुसरी खुर्ची

मागच्या महिन्यात आमच्या शाळेनं ओव्हाळबाईंना गुलाबाचं फूल दिलं. सोबत नारळ आणि संस्थेचं बोधचिन्ह छापलेली कापडी पिशवी. ज्या नववीच्या वर्गातून त्यांना उचलून बाजूला ठेवलं होतं, त्याच नववीच्या मुलांसाठी टाळ्या वाजवायला त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. फूल देताना संस्थेचे सचिव हसत होते. बाईसुद्धा हसल्या. मी हसले नाही. मला ते जमत नाही, आणि जमावं अशी इच्छाही नाही.

हे लिहायला बसले ती त्या फुलामुळे.

आमची शाळा सदाशिव पेठेतली, मराठी माध्यमाची. तिथे मराठीच्या बाई असत, गणिताच्या बाई असत, पण इंग्रजीच्या मात्र मॅडम. का, ते कुणी विचारत नसे. आठवीत ओव्हाळबाई पहिल्यांदा वर्गावर आल्या तेव्हा आम्ही सवयीनं 'गुड मॉर्निंग मॅडम' हे गाणं लांबवून म्हटलं. त्या दारातच थांबल्या आणि मागे वळून बघितलं.

"कुणी आलं नाहीये," त्या म्हणाल्या. "बाई म्हणा मला. मॅडम म्हटलं की मी शोधत बसते कुठायत त्या."

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. खडूचा तुकडा अंबाड्यात खोचलेला असायचा आणि तास संपला की तो तिथेच विसरून त्या स्टाफरूमला जायच्या. चालताना नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटत. आम्हाला वाटायचं, मंत्र म्हणतात. पुढे कळलं की पुढच्या तासाला कुठलं पात्र कुणाला द्यायचं याची ती जुळवाजुळव असे.

वर्गातल्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. "ती पात्रांची आहे," म्हणायच्या. स्वतः बसायच्या शेवटच्या बाकावर, मुलींच्या शेजारी, डब्यातले उकडलेले शेंगदाणे सोलत. फळ्याजवळ मुलं.

त्यांचं इंग्रजी हा स्टाफरूममधला चेष्टेचा विषय होता. येरवड्याच्या महापालिकेच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी, आणि ते त्या लपवतही नसत. चित्रकलेचे एक सर आमच्यादेखत म्हणाले होते, "ओव्हाळ मॅडमचं इंग्रजी ऐकलं की इंग्रज का गेले ते कळतं." बाई शांतपणे म्हणाल्या, "गेले ना पण? मग काम झालं." आणि शेंगदाण्यांचा डबा त्यांच्यापुढे केला.

आम्हाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, आधी बोला, मग नीट बोला. "चुकीच्या इंग्रजीत खरं बोललात तर मला चालेल. बरोबर इंग्रजीतलं खोटं गाइडात मिळतं, त्यासाठी माझी गरज नाही." गाइड वर्गात दिसलं तर त्या ओरडत नसत. दोन बोटांत धरून खिडकीत ठेवायच्या, मेलेली पाल उचलावी तसं. तास संपल्यावर ज्याचं त्यानं न्यावं. न्यायला लाज वाटायची, ती वेगळी.

पहिल्या सहामाहीत वादळावरची एक कविता होती. गाइडात तिचा सारांश होता, अलंकार होते, कवीला काय म्हणायचंय तेही होतं. बाई म्हणाल्या, "उद्या कवितेला शब्द लागणार नाहीत. घरून आवाज घेऊन या." म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, तरी आणले सगळ्यांनी. स्टीलचे डबे, सायकलची साखळी, केरसुणी, एकानं तर गॅसच्या शेगडीची जाळी. बाई एकेक ओळ वाचत आणि त्या त्या बाकावरून त्या ओळीचा आवाज उठे. दुसऱ्या कडव्यापर्यंत शाळा हादरली होती. मुख्याध्यापक धावत आले.

"ओव्हाळ मॅडम, हे काय चाललंय?"

"वारा सुटलाय सर."

"खाली गणिताचा तास आहे!"

"शेवटच्या कडव्यात पडतो. थांबता का जरा?"

ते का थांबले कुणास ठाऊक, पण थांबले. शेवटच्या कडव्यात वादळ सरतं. आम्ही एकेक करून गप्प झालो. समीर म्हणून एक मुलगा होता, अडखळत बोलणारा, तो तेवढा कंपासपेटीच्या झाकणावर नखानं टिकटिक करत राहिला. कौलावरून पाणी निथळतं तसं. मुख्याध्यापक दारातच उभे राहून ते ऐकत होते. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मैदानात घ्या. आणि तो नखाचा आवाज… बरा होता तो."

समीर वर्षभरात पहिल्यांदा त्या दिवशी वर्गात बोलला असं मी मानते. बाईही मानायच्या. त्यांनी त्याला तोंडी परीक्षेचे गुण त्याच दिवशी देऊन टाकले.

आता खुर्च्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दोन खुर्च्यांवरच घडलं.

गोष्ट किंवा नाट्यप्रवेश शिकवून झाला की बाई खटला भरवायच्या. फळ्यासमोर दोन खुर्च्या. डावीकडची समोरच्याची, उजवीकडची आपली. ज्या पात्राचा तुम्हाला राग येतो, त्याची वकिली तुमच्याकडे. आधी डाव्या खुर्चीत बसायचं आणि त्या माणसाची बाजू अशी मांडायची की तो स्वतः वर्गात असता तर म्हणाला असता, हो, हेच मला म्हणायचं होतं. मग बाई टाळी वाजवून ओरडायच्या, "बाजू बदला!" आणि तुम्ही उठून उजव्या खुर्चीत जायचं, स्वतःचं बोलायला. डावीकडून गेल्याशिवाय उजवीकडे बसता येत नसे. बाकांवरची मुलंही टाळीसरशी इकडची तिकडे पळायची. खालच्या गणिताच्या वर्गाची तक्रार यायची ती याचीच.

मला हा नियम मुळीच पटला नाही. अजून पटलेला नाही.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे. आमच्या घरी कॉटखाली भांड्यांच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं शिकले तीच मुळी 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. पत्रकाला एकच बाजू असते, पाठीमागची कोरी ठेवतात, भिंतीला चिकटवायला. मला जग तसंच दिसायचं आणि तसंच बरं वाटायचं.

आठवीच्या पुस्तकात एका घड्याळवाल्याची गोष्ट होती. हात थरथरायला लागले म्हणून म्हाताऱ्या कारागिराला मालक काढून टाकतो. मी उभी राहून मोडक्या इंग्रजीत आणि धडधाकट मराठीत मालकाचा असा काही समाचार घेतला की मागच्या बाकांवरून घोषणाही झाल्या. बाई शेंगदाणा सोलायच्या थांबल्या.

"छान. मालकाचे वकील ठरले आपले. बसा डावीकडे, पत्रके."

त्या दिवसापासून मी 'पत्रके' झाले. माझं खरं आडनाव बाईंनी नंतर क्वचितच घेतलं.

"बाई, मी मालकाच्या बाजूनं बोलणार नाही."

"का?"

"तत्त्व आहे माझं."

"अगं बाई. फार हलकं दिसतंय तत्त्व. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलात तर उडून जाईल म्हणता?"

वर्ग खिदळला. मी रडकुंडीला येऊन डावीकडे बसले आणि कसंबसं बोलले. घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "ही तुमची बाई कुणाची? मॅनेजमेंटची का?" आणि पालकसभेला तावातावानं गेले. मी दाराबाहेर उभी होते. आतून आधी बाबांचा आवाज आला, मग बाईंचा, मग बराच वेळ पुन्हा बाबांचाच; पण तो बाबांचा वाटेना. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून विचारलं होतं, पगारवाढीच्या बोलण्यात तुमचा मॅनेजर काय म्हणतो ते मॅनेजर होऊन सांगा. बाबा मॅनेजर झाले होते. घसा खाकरण्यासकट.

परतताना ते भराभर चालत लकडी पुलापर्यंत आले. मग म्हणाले, "ही बाई आमच्या युनियनमध्ये हवी होती. समोरचा काय बोलणार हे आधीच कळलं तर निम्मी लढाई तिथंच झाली."

उरलेल्या निम्म्या लढाईचं काय, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.

बाईंचे असले प्रयोग मी सांगत बसले तर कागद पुरायचे नाहीत. एकदा एका विधवेची गोष्ट होती, नवरा वर्षभर आजारी राहून गेलेला. बाई म्हणाल्या, "या बाईच्या पर्समध्ये काय असेल ते आणा." मुलींनी आरसे आणले, रुमाल आणले. रेहाना नावाच्या मुलीनं गोळ्यांची रिकामी पाकिटं आणली. "टाकवत नाहीत तिला," एवढंच म्हणाली. त्या दिवशी बाईंनी पुढे काही शिकवलं नाही. परीक्षेत त्या गोष्टीवरचा प्रश्न सगळ्यांनी बरोबर लिहिला, आणि तरी पर्यवेक्षकांनी शेरा मारला की मॅडम अभ्यासक्रमात मागे आहेत. मागे म्हणजे कुणाच्या? ते लिहिलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट मी शाळा सोडून कॉलेजात गेल्यावरची. मला ती बाईंनी सांगितली आणि त्या वर्गातल्या मुलींनीही.

नववीला एक नवा पाठ आला. डोंगरातल्या एका बंगल्याच्या आवारात झरा असतो. मालक त्याला फाटक बसवून कुलूप लावतो. घरातली मोलकरीण उन्हाळ्यात ते कुलूप तोडते, पकडली जाते, रडून माफी मागते. मालक माफ करतो. धडा संपतो. खाली पहिला प्रश्न, मालकाच्या स्वभावातला दयाळूपणा सोदाहरण स्पष्ट करा.

असली उदाहरणं शोधायला पुण्यातल्या मुलांना लांब जावं लागत नाही.

बाईंनी खटला लावला. अथर्व नावाच्या मुलाला मोलकरणीचा राग आला होता, चोरी ती चोरी म्हणून. त्याला मोलकरणीची वकिली. समीक्षा नावाच्या मुलीला मालकाचा राग आला होता, तिला मालकाची. समीक्षा वस्तीत राहणारी, तिची आई सोसायट्यांमधून धुणीभांडी करणारी. ती डाव्या खुर्चीत बसली आणि एकदाही न अडखळता बोलली. एकाला दिलं की दहा येतात. रांग लागते. दारात चिखल होतो, आमची मुलं घसरतात. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही, पण शिस्त नको का? पाणी काय आम्हाला फुकट येतं?

वर्ग हसत होता. अथर्व हसत नव्हता. ही सगळी वाक्यं त्यानं घरी ऐकली होती, याच क्रमानं. त्याचे वडील त्यांच्या सोसायटीचे चेअरमन होते. फाटकाबाहेरच्या नळाला त्यांनीच त्या वर्षी कुलूप लावलं होतं, आणि समीक्षाची आई त्याच सोसायटीत कामाला जायची. समीक्षानं वाक्यं बनवली नव्हती. आईबरोबर नळावर उभी असताना ऐकली होती.

आता या मुलाला मोलकरणीची बाजू मांडायची होती. तो तयारीला लागला. आणि घरी पाहुणे जेवत असताना त्यानं वडिलांना विचारलं, "बाबा, बाहेरच्या नळाची किल्ली कुणाकडे असते?"

बस. एवढंच. एका चौदा वर्षांच्या मुलानं किल्ली विचारली.

चेअरमनसाहेबांची तक्रार थेट संस्थेकडे गेली. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी सोडून भलतंच शिकवलं जातं, मुलांना आईवडिलांविरुद्ध उभं केलं जातं. स्टाफरूममध्ये ज्या शब्दांत हे बोललं गेलं ते शब्द तक्रारीत नव्हते. "पाण्याचा विषय निघाला ना, की यांचं सुरू होतं," असं एक बाई म्हणाल्या. 'यांचं' म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. ओव्हाळबाई तिथेच बसल्या होत्या, पेपर तपासत. गंमत पाहा, पाठ पुस्तकातला होता, पुस्तक सरकारचं होतं, कुलूप मालकाचं होतं आणि विषय मात्र ओव्हाळबाईंनी काढला होता.

चौकशी बसली. बाईंना काय हवं होतं ते त्यांनी मला तेव्हाही साधंच सांगितलं होतं. "मला नववी हवी आहे. समीक्षाची उजवी खुर्ची राहिलीये. अथर्व डावीकडची तयारी करून बसलाय."

ती चौकशी बाईंनी मला टिळक रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीवर प्लॅस्टिकचे दोन स्टूल मांडून करून दाखवली. त्या हसत दाखवत होत्या.

संस्थेच्या कार्यालयात टेबलापलीकडे सचिव, मुख्याध्यापक आणि टंकलेखन करणारा एक क्लार्क. अलीकडे दोन खुर्च्या. डावी तक्रारदाराची, उजवी बाईंची. चेअरमनसाहेब कामात होते, आलेच नव्हते. डावी खुर्ची रिकामी.

सचिव म्हणाले, "बोला मॅडम. काय म्हणणं आहे आपलं?"

आणि बाई त्या रिकाम्या डाव्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दुसरं कुणी असतं तर आधी स्वतःचं बोललं असतं. कुठल्याही कामगाराला विचारा, कुठल्याही वकिलाला विचारा. पण इतकी वर्षं मुलांना सांगितलेला नियम स्वतःची वेळ आल्यावर मोडायचा, हे बाईंच्या डोक्यातही आलं नाही. त्या चेअरमनसाहेब झाल्या. "माझा मुलगा पाहुण्यांसमोर मला प्रश्न विचारतो. मला नळाची नाही भीती वाटली. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिची वाटली. मी मुलाला शाळेत घालतो ते तो माझ्यापासून लांब जावा म्हणून नाही. असा विषय वर्गात काढण्याआधी शिक्षिकेनं विचार करायला हवा होता. मर्यादा पाळायला हवी होती."

बाई सांगत होत्या, "फार चांगलं झालं गं बोलणं. ते स्वतः आले असते तरी एवढं चांगलं बोलले नसते. मुख्याध्यापकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

क्लार्कच्या बोटांचा आवाज थांबला. बाई उठल्या, उजव्या खुर्चीकडे जायला. बाजू बदलायला.

त्या उठल्या म्हणजे त्यांचं बोलून झालं, असं सचिवांनी धरलं. त्यांनी फाइल मिटली. "धन्यवाद मॅडम. आपण फारच समजूतदारपणा दाखवलात. प्रश्नच मिटला."

"अहो, थांबा. माझी खुर्ची राहिलीये अजून."

"तुमची खुर्ची कोण काढून घेतंय हो?" सचिव हसले. मुख्याध्यापकही हसले, तेच मुख्याध्यापक, जे एकदा वारा पडेपर्यंत दारात थांबले होते. या वेळी ते थांबले नाहीत. पुढची बैठक होती म्हणे.

क्लार्कनं कागद पुढे केला. शिक्षिकेनं विचार करायला हवा होता व मर्यादा पाळायला हवी होती असे मॅडमनी स्वतः सांगितले. बाईंनी वाचून सही केली.

मी टपरीवर ओरडले. आजूबाजूची पोरं बघायला लागली. "तुम्ही सही का केलीत? ते तुमचं म्हणणं नव्हतंच!"

"बोलले तर मीच होते ना. शब्द माझे होते."

"पण बाजू त्यांची होती!"

"हो. ते कागदावर कुठे दिसतं?"

एवढं म्हणून त्यांनी दोन्ही स्टूल उचलून टपरीवाल्याला परत केले.

त्यानंतर नववी गेली. दहावी गेली. बाईंना पाचवीचं हस्ताक्षर दिलं आणि वाचनालयाची कपाटं दिली. समीक्षाचा आणि अथर्वचा खटला उजव्या खुर्चीशिवायच राहिला. पाठ नव्या मॅडमनी एका तासात उरकला, मालकाच्या दयाळूपणाचे मुद्दे फळ्यावर लिहून. काही वर्षं बाईंनी कपाटं पुसली. मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि कात्रजला भावाकडे राहायला गेल्या. रविवारी तिथल्या विहारात मुलं जमवतात म्हणून ऐकलं होतं. डबे वाजवण्याबद्दल तिथं कुणी तक्रार करत नाही.

आणि मागच्या महिन्यात शाळेत 'सर्जनशील इंग्रजी सप्ताह' झाला.

कुठल्याशा सल्लागार संस्थेनं शाळेला प्लॅस्टिकचं आवरण घातलेली रंगीत कार्डं विकली. कृतिकार्डं म्हणतात त्यांना. एका कार्डावर वादळाच्या कवितेला आवाज द्या. एकावर पात्राच्या पर्समध्ये काय असेल ते आणा. एकावर खटला भरवा. सल्लागारबाई माईकवर म्हणाल्या की या पद्धती थेट परदेशातून आल्या आहेत. मी जुन्या विद्यार्थ्यांच्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्याकडे बघत होते. खडू नव्हता त्यात.

झऱ्याच्या पाठाचा खटला मंचावर झाला. दोन खुर्च्या होत्याच. मालकाचा वकील, मोलकरणीचा वकील, दोघांनी पाठ केलेलं इंग्रजी सुंदर म्हटलं. कुणी जागचं उठलं नाही. घंटा वाजल्यावर न्यायाधीश झालेल्या मुलीनं कार्ड उलटं केलं आणि निकाल वाचला. मालक दयाळू आहे. निकाल मागे छापलेलाच होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. मग फूल, नारळ, पिशवी.

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. दुपारची वेळ, रस्ता जरा शांत. माझ्या पर्समध्ये मी लिहिलेलं पत्रक होतं, शाळेच्या दारात वाटायला. त्यात मी चौकशीपासून कार्डांपर्यंत सगळं लिहिलं होतं, सचिवांच्या पदासकट. बाईंनी चष्मा लावून ते उभ्यानं वाचलं.

"जोरदार आहे," त्या म्हणाल्या. "पण यात सचिवांचं काय म्हणणं आहे?"

"त्यांचं म्हणणं त्यांनी तुमच्याकडून वदवून घेतलंय, बाई. सहीसकट."

"ते चेअरमनसाहेबांचं होतं. सचिवांचं वेगळं असेल. बस डावीकडे, बोल."

"नाही बोलणार."

"पत्रके, अजून उडून जाईल का तुझं तत्त्व?"

"जाऊ दे. तुम्ही डावीकडे बसलात म्हणून काय झालं ते बघितलंत ना? त्यांना डावी खुर्ची माहीतच नाही, बाई. त्यांच्याकडे एकच खुर्ची आहे, आणि ती ते सोडत नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. पत्रकाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली, गुलाबाशेजारी. म्हणाल्या, "बरं. मग मी बोलते." आणि थांब्याच्या बाकावर डाव्या टोकाला सरकून बसल्या.

"शाळा चालवायची म्हणजे सोपं नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाज सचिवांचा झाला, गोड आणि घाईतला. "तुकड्या तुटतायत. मराठी शाळेत कुणी मूल घालत नाही. एक चेअरमन रागावला की त्याच्या सोसायटीतली दहा मुलं जातात. तीन शिक्षकांच्या नोकऱ्या जातात. एका बाईंना पाचवीवर पाठवून तीन घरं वाचत असतील तर मी काय करावं? मला त्या बाई वाईट वाटत नव्हत्या. खरं सांगू? त्यांना उठताना बघितलं तेव्हाच मला कळलं होतं की त्यांना अजून बोलायचंय. म्हणूनच मी फाइल मिटली."

हे शेवटचं त्यांना कधीपासून माहीत होतं?

"हे सचिवांचं," बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा त्यांचा झाला. बाकाच्या उजव्या टोकाकडे सरकण्यासाठी त्यांनी हात टेकला, दुसरा हात टाळी वाजवायला उचललाच होता. "आता…"

कात्रजची बस आली. मागच्या माणसानं "चला आजी, चढा लवकर" म्हणून घाई केली. बाई उठल्या, पिशवी सावरली आणि चढल्या.

बस रिकामीच होती. त्या आधी माझ्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. मी हात केला. त्यांनीही केला, पण लक्ष दुसरीकडेच होतं, ओठ हलत होते. मग बस हलता हलता त्या उठल्या, दांड्याला धरून मधली जागा ओलांडली आणि पलीकडच्या, उजव्या खिडकीशी जाऊन बसल्या.

तिथून त्या काही बोलल्या असतील. मला फक्त अंबाडा दिसला, आणि अलीकडे त्यांनी सोडलेली रिकामी सीट.